धुळीचं लेखाशीर्ष

सोलापुरात धुळीचा हंगाम आणि महापालिकेच्या तंगीचा हंगाम एकाच वेळी येतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपतो आणि काळी माती सुकून भेगाळायला लागते. पावसाळ्यात खड्ड्यांत लोटलेला मुरूम सुटा होतो आणि चाकांखाली दळला जातो. नोव्हेंबरात कारखान्यांची गाळपं सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे धूर आणि धूळ दोन्ही उन्हं चढेपर्यंत खालीच फिरतात. नेमक्या याच महिन्यांत लेखा विभागात मक्तेदारांच्या बिलांचा ढीग साचलेला असतो. मालमत्ता कराची खरी वसुली फेब्रुवारी-मार्चमध्ये, नळ तोडण्याच्या आणि सील ठोकण्याच्या धाकानं होते. म्हणजे रस्ते झाडायला, साइडपट्ट्या भरायला सगळ्यात जास्त पैसा जेव्हा लागतो, तेव्हा तिजोरीत सगळ्यात कमी असतो. शहराच्या हवेच्या आराखड्यांमध्ये हे कुठं लिहिलेलं नसतं. माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी.

अंदाजपत्रक कागदावर शिलकीच असतं. तूट येते ती अंदाज आणि वसुली यांच्यातल्या फटीतून. जमेच्या बाजूला मालमत्ता कराची चालू मागणी आणि जुनी थकबाकी, दोन्ही जवळजवळ पूर्ण वसूल होणार असं गृहीत धरलं जातं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, ती मागणीत मिळवली जाते आणि आकडा फुगतो. पण शास्ती माफ करणारी अभय योजना येईल या भरवशावर शास्ती कुणी भरत नाही, आणि ती योजना बऱ्याचदा येतेही. समजा, १०० रुपये येणार म्हणून १०० रुपयांची कामं धरली आणि आले ६०. पगार, निवृत्तिवेतन, उजनी धरणातून पाणी उचलण्याचं वीजबिल आणि सरकारी योजनांमधला स्वतःचा हिस्सा हे थांबवता येत नाही. मग ४० रुपयांची कात्री उरलेल्या लेखाशीर्षांवर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या उरलेल्या खात्यांवर चालते. यातलं सगळ्यात मुकं लेखाशीर्ष म्हणजे देखभाल-दुरुस्ती. तिचं उद्घाटन होत नाही, तिच्यावर कोनशिला बसत नाही, ती झाली नाही तर सभेत कुणी उठून विचारतही नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आले आणि पुढची निवडणूक होईपर्यंत विचारणारेही उरले नाहीत.

जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि २०१७ पासून त्यांच्या बदल्यात राज्याकडून दरमहा जीएसटीची भरपाई येते. तिचा पाया २०१६-१७ चं उत्पन्न, आणि त्यावर वर्षाला ८ टक्के वाढ. पायाच्या वर्षी ज्या शहराची आवक बेताची होती, त्याची भरपाई कायम बेताचीच राहते, कारण टक्केवारी चढत जाते ती त्याच आकड्यापासून. ही रक्कम आली की पहिल्यांदा पगार निघतात. रस्त्याच्या कडेची माती उचलायला तिच्यातून फारसं काही उरत नाही.

त्यात शहराचा पसारा. १९९२ च्या हद्दवाढीनं सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, शेळगी, सोरेगाव, कुमठे, देगाव अशी गावं आत आली. लोकसंख्या काही पाचपट झाली नाही. रस्त्यांची लांबी मात्र वाढली, आणि ते बहुतेक मुरमाचे. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द सोलापुरात अजून चालतो, तीसहून अधिक वर्षं उलटल्यावरही, यातच काय ते आलं. एका करदात्यामागे किती मीटर रस्ता सांभाळायचा, हे गणित जुन्या पेठांत आणि हद्दवाढ भागात सारखं नाही. धुळीचं गणितही मग सारखं राहत नाही.

हवेसाठी म्हणून जो पैसा येतो तो राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातून. केंद्रानं जानेवारी २०१९ मध्ये तो जाहीर केला, तेव्हाच्या १०२ शहरांच्या यादीत सोलापूर होतं. निकष होता हवेतल्या धुळीच्या मानकाचं सलग उल्लंघन. यादी पुढं १३१ शहरांवर गेली. उद्दिष्ट आधी २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट असं होतं. ते नंतर वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट, किंवा पीएम १० चं, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं, वार्षिक मानक गाठणं, असं केलं. ते मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. यात सोलापूरच्या वाट्याला आलेली एक गंमत आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. दहा लाखांवरच्या नागरी समूहांना, म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर वगैरेंना, हवेसाठीचा पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या स्वतंत्र अनुदानातून मिळाला. साडेअठ्ठेचाळीस हजार माणसं कमी पडली म्हणून सोलापूर त्या दारातून आत गेलं नाही. त्याला पर्यावरण मंत्रालयाच्या लहान खिडकीपुढं उभं राहावं लागलं. पुढची जनगणना लांबत गेली आणि आकडा आहे तिथंच राहिला.

मिळालेल्या पैशाचा कल वस्तू घेण्याकडे असतो. यांत्रिक झाडू, पाणी फवारणारी तोफ, चौकातलं कारंजं. वस्तू घेतली की फोटो निघतो, पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लवकर जातं, पुढचा हप्ता सुटतो. वस्तू चालवण्याचा खर्च मात्र महापालिकेच्या महसुली बाजूला पडतो, म्हणजे वर सांगितलेल्या मुक्या लेखाशीर्षात. आणि तिथं आधीच कात्री लागलेली असते.

झाडूच्या गाडीचंच बघू. ट्रकवर बसवलेल्या मोठ्या गाडीला दोन इंजिनं असतात. एक गाडी ओढतं, दुसरं फक्त खेचणारा पंखा फिरवतं. डिझेल दोन्हीकडे जळतं. बाजूचे गोल ब्रश कडेची माती मध्ये ओढतात, पाण्याच्या बारीक धारा तिला उडू देत नाहीत, आणि तोंडाजवळचा नळ ती टाकीत खेचतो. काम नीट व्हायचं तर वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर. त्याहून जोरात गाडी गेली तर ब्रश माती उडवतात, खेचत नाहीत. रात्रपाळी आठ तासांची धरली तरी पाणी भरणं, टाकी रिकामी करायला जाणं, मध्येच अडकलेली गोणपाटाची चिंधी किंवा नारळाची करवंटी काढणं, यात तीन तास जातात. उरले पाच. त्यात कडेची लांबी झाली फार तर २५ ते ३० किलोमीटर. दुभाजक असलेल्या रस्त्याला कडा चार असतात, दोन फुटपाथाकडच्या आणि दोन दुभाजकाकडच्या. म्हणजे खरा रस्ता झाला सहा-सात किलोमीटर. निविदेत मात्र ‘दररोज ३० किलोमीटर’ असं लिहिलेलं असतं आणि बिल त्यावरच निघतं. ज्यांना हे बिल तपासायचं आहे त्यांनी किलोमीटर बघूच नयेत. टाकीतून काढलेल्या मातीचं वजन काट्यावर घ्यावं आणि टनावर पैसे द्यावेत. माती ओली करून वजन वाढवलं जाऊ शकतं, म्हणून अधूनमधून एक पाटीभर नमुना उन्हात सुकवून पुन्हा तोलावा.

या गाड्या बिघडतात त्याची कारणं ठरलेली आहेत. ब्रश झिजतात आणि नवे मागवले जात नाहीत, कारण ‘सुटे भाग’ या शीर्षात रक्कम संपलेली असते. पाण्याच्या धारा क्षारांनी बुजतात. सोलापूरच्या बोअरचं पाणी जड आहे, आठवड्याला तोंडं काढून धुतली नाहीत तर गाडी कोरडीच झाडत सुटते, आणि कोरडी झाडणारी गाडी म्हणजे पैसे देऊन केलेली धूळ. सगळ्यात मोठी अडचण रस्त्याची. या यंत्राला डांबराची किंवा काँक्रीटची सलग कड आणि बांधलेला कठडा लागतो. डांबर संपून जिथं मातीची साइडपट्टी सुरू होते, तिथं ते निरुपयोगी असतं. रात्री झाडलं तरी सकाळी पहिल्या रिक्षानं चाक खाली घातलं की माती परत वर येते.

म्हणून खरा खर्च साइडपट्टीवर व्हायला हवा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एक सूत्र जगभर वापरलं जातं: पक्क्या रस्त्यावर एक वाहन एक किलोमीटर गेल्यावर किती ग्रॅम पीएम १० उडेल, याचं. त्यात दोन गोष्टी लागतात. एक, रस्त्याच्या चौरस मीटरवर पडलेली ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माती, तिचा घातांक ०.९१. दुसरी, वाहनांचं सरासरी वजन टनांत, घातांक १.०२. गुणक ०.६२. आता सरासरी वजन ३ टन आणि बारीक माती चौरस मीटरला १ ग्रॅम धरली, तर वाहनामागे किलोमीटरला सुमारे १.९ ग्रॅम धूळ निघते. दिवसाला दहा हजार वाहनं गेली तर एका किलोमीटरच्या पट्ट्यात १९ किलो. तीच माती ०.२ ग्रॅमवर आणली तर साधारण साडेचार किलो. दुचाकींचा भरणा असलेल्या सोलापूरच्या रस्त्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, तिथं सरासरी वजन बरंच कमी असतं. पण दिशा पक्की कळते. माती जवळजवळ त्याच प्रमाणात धूळ होते, आणि वजनही.

ही माती रस्त्यावर येते कुठून? एक, साइडपट्टीतून. रुंदीकरणानंतर कडेला मुरूम टाकून रोलर फिरवायचा ही जुनी पद्धत. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत ते छान दिसतं, नंतर मुरमाचा बारीक भाग सुटतो. दोन, चरांतून. ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल, गॅस यांसाठी रस्ता फोडला जातो आणि निघालेलीच काळी माती चरात परत ढकलली जाते. ती पावसात फुगते, खचते, चिखल होऊन चाकांबरोबर शंभर मीटर पुढं जाते आणि सुकते. चर भरायचा तर थर द्यावे लागतात. खाली नळाभोवती वाळू, वर १५ ते २० सेंटिमीटरचे खडी-मुरमाचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसलेला, मग काँक्रीट किंवा डांबर. खोदणाऱ्याकडून महापालिका रस्ता पूर्ववत करण्यासाठीचं शुल्क आधीच घेते. पण तंगीच्या वर्षात ती रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळते आणि पगारात विरघळते. तिसरं, बांधकामाचा राडारोडा. जुळे सोलापुरात, होटगी रोडला, विजापूर रोडला रिकामा प्लॉट दिसला की रात्री ट्रॉली ओतली जाते.

यातलं काय आधी करावं याबद्दल मी अगदी ठाम आहे. खोदाई शुल्काचं वेगळं बँक खातं काढावं. त्यातून चर भरण्याखेरीज एक रुपयाही उचलता येणार नाही असा ठराव करावा. याला नवा पैसा लागत नाही. दुसरं, मुख्य रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर साइडपट्टी पक्की करावी. किलोमीटरमागे हे क्षेत्र ३,००० चौरस मीटर होतं. पेव्हर ब्लॉक बसवणार असाल तर खालचा भर दाबलेला आणि कड काँक्रीटनं बांधलेली हवी. नाहीतर दोन पावसाळ्यांत ब्लॉक हलतात आणि त्यांच्या फटींतून वाळू बाहेर येते. सगळं शहर एका वर्षात करायला निघू नये. सात रस्ता, आसरा चौक, अशोक चौक, बाळ्याकडे जाणारा पुणे रोड असे जड वाहतुकीचे तुकडे घेऊन दरवर्षी ठरावीक किलोमीटर पुरे करावेत.

पाणी मारण्याबद्दल थोडक्यात. सात मीटर रुंद रस्त्याला चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी म्हटलं तर किलोमीटरला ३,५०० लिटर लागतं. दहा हजार लिटरचा टँकर तीन किलोमीटरही पुरत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते तासाभरात उडून जातं. ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी ही चैन आहे, तिथं पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतणं शोभत नाही. देगावच्या मलनिस्सारण केंद्रातून शुद्ध झालेलं सांडपाणी वापरता येईल, पण क्लोरिन दिल्याशिवाय ते फवारू नये. बारीक तुषारांतून जंतू थेट श्वासात जातात. होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, किंवा चालू खोदकामावर, टँकर मारणं योग्य. उघड्या चौकात तोफ लावून आकाशाकडे फवारा उडवणं हा निव्वळ देखावा.

मोजणीकडे वळतो, कारण अनुदान त्यावरच ठरतं. हातानं नमुने घेण्याच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस, चोवीस तास हवा ओढली जाते. काचतंतूचा गाळणकागद आधी आणि नंतर तोलतात, दोन्ही वेळा ठरावीक आर्द्रतेत ठेवून. वीज गेली की हवेचं घनफळ कमी भरतं. कागदाची कड फाटली की वजन घटतं आणि हवा आयतीच ‘सुधारते’. स्वयंचलित केंद्रात दर तासाचा आकडा मिळतो, पण दिवसाचा निर्देशांक काढायला किमान १६ तासांची नोंद आणि किमान तीन प्रदूषकं लागतात. केंद्र कुठं आहे हेही बघायला हवं. झाडांनी वेढलेल्या आवारातलं केंद्र चौकाबद्दल काही सांगत नाही आणि चौकातलं केंद्र वस्तीबद्दल. आणखी एक खोच आहे. शहराची प्रगती पीएम १० वर जोखली जाते. धूळ जाड असते, ती त्यात ठळक दिसते. पूर्व भागात कापड प्रक्रिया उद्योगांच्या बॉयलरमधून, कचऱ्याच्या शेकोटीतून, टायर जाळण्यातून येणारा धूर बारीक, म्हणजे पीएम २.५ मध्ये मोजला जाणारा. फुप्फुसात खोल जातो तो हाच. झाडू फिरवून पीएम १० खाली आणता येईल, बक्षीसही मिळेल, आणि टॉवेल कारखान्याशेजारच्या घरातला खोकला तसाच राहील. त्यामुळे अंदाजपत्रकात धुळीची तरतूद करताना सफाई कर्मचाऱ्यांना पालापाचोळा जाळायची वेळ येऊ नये याचीही तरतूद हवी. ढीग उचलायला घंटागाडी वेळेवर आली नाही की काडी लावली जाते. कारण इतकं साधं आहे.

इथवर महापालिकेच्या हातातलं झालं. हद्दीबाहेरचं काय? जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने, फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, होटगीला सिमेंट, पुणे-हैदराबाद आणि विजयपूर-तुळजापूर असे महामार्ग शहराला छेदून किंवा वळसा घालून जाणारे. हिवाळ्यात वारं बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतं, म्हणजे अक्कलकोट, धाराशिव, लातूरच्या बाजूनं. पलीकडे कलबुर्गी, आणि दक्षिणेला विजयपूर, दोन्ही दुसऱ्या राज्यातले. वीज केंद्रांच्या गंधकाचे नियम करताना केंद्रानं २०२१ मध्ये वर्गवारी केली ती शहरापासून १० किलोमीटरच्या वर्तुळावर. तेव्हा वर्तुळाच्या आत कडक मुदत होती, बाहेर सैल. धुराड्यातला वायू दोनशे मीटरहून अधिक उंचीवरून निघतो, त्याला १० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. आणि सोलापूरच्या चिमणीचा इतिहास तर सर्वांना माहीत आहे. कुमठ्याची सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली ती विमानं उतरावीत म्हणून. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या वादात हवेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

प्रादेशिक आराखडा म्हणजे या सगळ्यांना एका टेबलावर बसवणं. महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, आरटीओ, सार्वजनिक बांधकाम, महामार्ग प्राधिकरण आणि साखर कारखाने. बहुतेक आराखड्यांत इथं ‘समन्वय साधणे’ असं लिहून पान उलटतात. त्यापेक्षा दोन-तीन बारीक अटी उपयोगी. शेतातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी उसाच्या ट्रॉलीच्या चाकांना चिकटलेली काळी माती हा शहराभोवतालच्या रस्त्यांवरच्या मातीचा मोठा हिस्सा आहे. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर वीस टनांच्या आसपास जातो, आणि वजनाचा घातांक काय करतो ते वर पाहिलंच. फाट्यावर वीस-तीस मीटर खडीचा जाड पट्टा टाकला तरी निम्मी माती तिथंच झडते. पाचटाचंही, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचंही तसंच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एका काडीत संपतं. त्याऐवजी खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात) ते सरींत पसरून एकरी एक पोतं युरिया, एक पोतं सुपर फॉस्फेट आणि चार किलो जिवाणू संवर्धक टाकलं की कुजतं, जमिनीला ओल धरून ठेवतं. शेतकऱ्याला हे माहीत नाही असं नाही. ऊसतोड टोळीला पाचट आडवं येतं, म्हणून फड पेटवून तोडला जातो. जळक्या उसाला कारखान्यानं भावात कपात केली तर काडी लावणारा दोनदा विचार करेल. ती कपात काटेकोर लावायची की सोडून द्यायची हे कारखान्याच्या शेती खात्याच्या हातात असतं.

यातल्या एकाही अटीला महापालिकेच्या तिजोरीतून पैसा जात नाही. पण ती घालण्याचा अधिकारही महापालिकेकडे नाही. गाळप परवाना साखर आयुक्तालय देतं, बॉयलरची संमती प्रदूषण मंडळ देतं, फाटा बांधकाम खात्याचा असतो. म्हणून अंदाजपत्रकाच्या सभेबरोबर दरवर्षी आणखी एक तारीख पक्की करावी लागेल, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, जिल्हाधिकारी कार्यालयात. गाळपाची तारीख ठरून गेल्यावर बैठक बोलावली तर ट्रॅक्टर रस्त्यावर आलेले असतात.